काळोख्या रात्रीचा संत

मैत्रिणींनो, बाळाचं अंगावरचं दूध तोडायची वेळ आली की आपल्या आज्या-पणज्या काय करायच्या, आठवतंय? काळा बोळ उगाळून छातीला लावायच्या. बाळ नेहमीच्या ओढीनं तोंड लावायचं आणि कडू लागलं की भोकाड पसरायचं. त्या बिचाऱ्या जिवाला वाटायचं, आईची माया आटली! आईला मात्र ठाऊक असायचं, की आता याला वरण-भात भरवायचा आहे, कडेवरून खाली उतरवून स्वतःच्या पायांवर चालायला शिकवायचं आहे.

अगदी हाच दाखला चारशे वर्षांपूर्वी स्पेन देशातल्या एका ख्रिस्ती साधूनं आपल्या ग्रंथात दिलेला आहे. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस. तिकडच्या आयाही दूध तोडताना तोच कडू रस वापरीत. हा साधू म्हणतो, देवसुद्धा भक्ताशी असंच वागतो. आधी पूजेत, प्रार्थनेत गोडी देतो आणि एक दिवस ती गोडी काढून घेतो. भक्त रडतो, देव रुसला म्हणतो. पण तो रुसलेला नसतो; लेकराला मोठं करत असतो.

या साधूचं नाव हुआन दे ला क्रूस. आपल्याकडचे ख्रिस्ती बांधव त्यांना क्रुसाचे संत योहान म्हणतात. त्यांचा काळ १५४२ ते १५९१, म्हणजे इकडे पैठणला एकनाथ महाराज होते तोच. स्पॅनिश भाषेतल्या सर्वश्रेष्ठ कवींत त्यांची गणना होते. एवढ्या मोठ्या माणसाला बाळाचं दूध तोडण्याचा दाखला सुचावा, याचं नवल वाटतं ना? पण त्यांचं चरित्र वाचलं की नवल वाटेनासं होतं.

मागावर बसलेली आई

हुआनचे वडील गोन्सालो दे येपेस हे रेशमाचा व्यापार करणाऱ्या सधन घराण्यातले. व्यापाराच्या निमित्तानं ते आविला शहराजवळच्या फोंतिवेरोस नावाच्या गावी जात-येत. तिथं कातालीना आल्वारेस नावाची एक पोरकी, गरीब मुलगी मागावर कापड विणायची. गोन्सालोंचं तिच्यावर मन बसलं आणि त्यांनी तिच्याशी लग्न केलं. झालं! घरच्यांनी त्यांचं नाव टाकलं. काल-परवापर्यंत रेशमाचे हिशेब करणारा हा माणूस बायकोशेजारी बसून विणकाम शिकू लागला.

त्यांना तीन मुलगे झाले. फ्रान्सिस्को, लुईस आणि धाकटा हुआन. हुआन जेमतेम तीन वर्षांचा असेल-नसेल, तोच दीर्घ आजारानं वडील गेले. पदरात तीन पोरं आणि उत्पन्न म्हणाल तर मागावरचं. त्यात दुष्काळाची वर्षं. कातालीना मुलांना घेऊन सासरच्या नातेवाइकांच्या दारी मदत मागायला गेली. चर्चमध्ये मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका दिरानं सरळ नकार दिला. दुसरा दीर डॉक्टर होता. त्यानं थोरल्या फ्रान्सिस्कोला ठेवून घेतलं, पण जावेनं त्या पोराचे असे हाल केले, की आईनं त्याला परत आणलं. मधला लुईस थोड्याच काळात दगावला. पोटाला पुरेसं न मिळाल्यानंच तो गेला असावा, असं चरित्रकार मानतात.

शेवटी ही माउली दोन मुलांना घेऊन मेदिना देल कांपो या बाजारपेठेच्या मोठ्या गावी येऊन राहिली. साल होतं १५५१. हुआनला गरीब मुलांच्या शाळेत घातलं. तिथं जेवण मिळे, कपडे मिळत आणि एखादा धंदा शिकवीत. सुतारकाम झालं, शिंपीकाम झालं, लाकडावरचं कोरीव काम झालं, रंगकाम झालं. कशातच हुआनचं बस्तान बसलं नाही. मग तो एका इस्पितळात कामाला लागला. इस्पितळ तरी कुठलं? गुप्तरोगानं सडत चाललेल्या गोरगरिबांचं. त्यांच्या जखमा धुवायच्या, त्यांना भरवायचं, आणि इस्पितळासाठी झोळी घेऊन दारोदार फिरायचं. हे सगळं सांभाळून तो जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत लॅटिन आणि काव्य शिकला.

आईच्या घरची एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. स्वतःचीच भ्रांत असलेल्या त्या घरात रस्त्यावर टाकून दिलेल्या अर्भकांनाही आसरा मिळे. थोरल्या फ्रान्सिस्कोनं पुढं विणकरीच केली, पण ही रीत सोडली नाही. हुआननं पुढं प्रेमावर जे काही लिहिलं, त्याचे पहिले धडे कुठल्या विद्यापीठात नव्हे, या मागाशेजारी गिरवले होते.

‘दीड साधू’

एकविसाव्या वर्षी, १५६३ मध्ये, हुआन कार्मेल संघात दाखल झाले. हा संघ फार जुना. पॅलेस्टाइनमधल्या कार्मेल डोंगरावर एकांतात राहणाऱ्या तपस्व्यांपासून तो सुरू झाला. पण काळाच्या ओघात नियम सैल झाले. पोपनंच १४३२ साली सवलती दिल्या होत्या. आविलाच्या एन्कार्नासिओन मठाचं उदाहरण घ्या. तिथं शंभराहून अधिक बायका राहत. श्रीमंताघरच्या नन्सना स्वतंत्र खोल्या, दिमतीला मोलकरणी. गरिबाघरच्यांची मात्र पोटाचीच ओढाताण. मठात येऊनही ‘ही कुणाची, ती कुणाची’ हा भेद काही सुटत नव्हता.

या मठात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या एका बाईंना हे खुपत होतं. त्या म्हणजे आविलाच्या संत तेरेसा. (कलकत्त्याच्या मदर तेरेसा या नव्हेत बरं का, त्या तीनेकशे वर्षांनंतरच्या.) तेरेसांनी १५६२ साली आविलातच एक छोटा मठ काढला. मोजक्याच बायका, सगळ्यांना सारखं वागवायचं, नावामागं मानाची बिरुदं लावायची नाहीत, सूत कातून पोट भरायचं आणि उरलेला वेळ शांतपणे प्रार्थना. बुटांऐवजी दोरखंडाच्या साध्या चपला घालत, म्हणून या नव्या शाखेला लोक ‘अनवाणी कार्मेल’ म्हणू लागले.

बायकांचा मठ तर झाला. पण पुरुषांमध्ये ही सुधारणा कोण करणार? १५६७ साली तेरेसा दुसऱ्या मठाच्या स्थापनेसाठी मेदिनाला आल्या, तेव्हा त्यांची हुआनशी गाठ पडली. त्या बावन्न वर्षांच्या, हे पंचवीस वर्षांचे, नुकतीच धर्मगुरूची दीक्षा मिळालेले. हुआनना संघातली ढिलाई सोसत नव्हती. संघ सोडून कडक मौन पाळणाऱ्या कार्थुसियन साधूंत जावं, असं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. तेरेसांनी त्यांना गळ घातली. एवढी तळमळ आहे तर बाहेर कशाला जाता? आपल्याच घरात सुधारणा करा की! हुआन कबूल झाले. फक्त फार वाट पाहायला लावू नका, म्हणाले.

त्यांच्याबरोबर आंतोनियो नावाचे एक वयस्क, धिप्पाड साधूही तयार झाले. हुआन मात्र चणीनं अगदी लहानखुरे, जेमतेम पाच फूट. तेरेसा मोठ्या विनोदी बाई. आपल्या मठासाठी दीड साधू मिळाले, असं त्या हसून सांगत. हा ‘अर्धा’ साधूच पुढं साऱ्यांना पुरून उरला!

२८ नोव्हेंबर १५६८ रोजी दुरुएलो नावाच्या आडगावी एका पडक्या शेतघरात पुरुषांचा पहिला मठ सुरू झाला. आंतोनियो येताना काय घेऊन आले होते, माहीत आहे? पाच घड्याळं! प्रार्थनेच्या वेळा चुकू नयेत म्हणून. झोपायला काय आहे, याचा पत्ता नाही. तेरेसांनी ही गंमत स्वतःच लिहून ठेवली आहे.

पण मला या मठाची दुसरीच हकीकत फार आवडते. हुआनची आई तिथं येऊन राहिली आणि साधूंसाठी स्वयंपाक करू लागली. भाऊ झाडलोट करी, भावजय कपडे धुई. संघाच्या इतिहासात दुरुएलोचं नाव मोठ्या अक्षरांत येतं. मैत्रिणींनो, त्या मोठ्या अक्षरांमागं एक चूल होती आणि त्या चुलीपुढं एक थकलेली विणकरीण बसली होती, हेही आपण ध्यानात ठेवू या.

आपल्याच माणसांची कोठडी

पुढं तेरेसांना एन्कार्नासिओन मठाच्या प्रमुख म्हणून परत नेमलं गेलं, तेव्हा तिथल्या नन्सचे धर्मगुरू म्हणून त्यांनी १५७२ साली हुआनना बोलावून घेतलं. मठाला लागूनच एका लहानशा घरात ते राहत. पाच वर्षं बरी गेली. पण कार्मेल संघातल्या जुन्या मंडळींना ही नवी शाखा डोईजड वाटू लागली होती. १५७५ साली इटलीत भरलेल्या संघाच्या सभेत तिला आवर घालायचं ठरलं. हुआन मात्र पोपच्या प्रतिनिधीच्या हुकमानं आविलात राहत होते. म्हणजे एकाचा हुकूम मानावा तर दुसऱ्याचा मोडतो, अशी गत. पुढं तो प्रतिनिधी वारला आणि त्याच्या जागी आलेला नव्या शाखेच्या विरुद्ध निघाला.

२ डिसेंबर १५७७ च्या रात्री जुन्या शाखेची माणसं आली आणि हुआनना पकडून टोलेडो शहरातल्या आपल्या मठात घेऊन गेली. सुधारणा सोडा, आम्हांला सामील व्हा, मानाची जागा देतो, असं त्यांना सांगण्यात आलं. हुआन नाही म्हणाले.

मग त्यांना एका कोठडीत डांबलं. कोठडी म्हणजे भिंतीतलं एक कोनाड्यासारखं अडगळीचं जागेपण, सहा फूट रुंद आणि दहा फूट लांब. उजेडासाठी वर उंच एक फट. दुपारच्या घटकाभर उजेडात स्टुलावर उभं राहिलं तरच प्रार्थनेच्या पोथीतली अक्षरं दिसत. खायला पाव-पाणी, फार तर एखादी खारवलेली मासळी. अंगावरचा सदरा महिनोन्‌महिने तोच. हिवाळ्यात थंडीनं बोटं फुटत, उन्हाळ्यात जीव गुदमरे. ठरावीक दिवशी त्यांना भोजनगृहात आणत. बाकीचे टेबलाशी जेवत असताना यांनी जमिनीवर गुडघे टेकून पाव खायचा, आणि मग उघड्या पाठीवर एकेकानं फटके मारत जायचं. त्या वळांच्या खुणा जन्मभर राहिल्या.

इकडे तेरेसांनी दोनच दिवसांत राजे दुसरे फिलिप यांना पत्र लिहिलं. तो माणूस शत्रूच्या हाती पडला असता तरी मला कमी काळजी वाटली असती, अशा अर्थाचं त्यांनी त्यात लिहिलं होतं. खरंच आहे. परक्यानं मारलं तर माणूस सोसतो. आपल्या म्हणवणाऱ्यांनी मारलेलं फार आत जातं. कोठडीच्या दाराबाहेर मुद्दाम ऐकू जाईल असं बोललं जाई, की सुधारणेचं सगळं मोडलं, तुला आता कोणी वाली नाही.

आणि या काळोखात हुआनना कविता सुचल्या. सुरुवातीला कागद-शाई नव्हती, तेव्हा मनातल्या मनात रचून पाठ करत. पुढं पहारेकरी बदलला. नवा जरा मायाळू होता. त्यानं कागद, शाई दिली, कपडे शिवायला सुई-दोरा दिला. ‘आध्यात्मिक गीत’ या त्यांच्या प्रसिद्ध काव्याची पहिली एकतीस कडवी इथली आहेत. त्यात काय असेल, असं तुम्हांला वाटतं? शिव्याशाप? गाऱ्हाणी? छे! डोंगर, नद्या, फुलं, वारा आणि प्रियकराला शोधत निघालेली एक प्रेयसी. जीव म्हणजे प्रेयसी आणि देव म्हणजे प्रियकर. आपल्या विराण्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे नातं परकं वाटणार नाही.

सुई-दोरा आणि दालचिनी

आता सुटकेची हकीकत ऐका. एखाद्या चित्रपटात शोभावी अशी आहे ती! पहारेकऱ्याची पाठ वळली की हुआन दाराच्या कुलपाचे स्क्रू रोज थोडे थोडे सैल करून ठेवीत. खिडकीची उंची त्यांनी दोऱ्याला खडा बांधून मोजली. पांघरुणांच्या पट्ट्या काढल्या आणि त्या शिवून लांब दोर केला. शिंपीकामात लहानपणी जम बसला नव्हता म्हणे. पण इथं तीच शिवण कामाला आली. ऑगस्ट १५७८ मधल्या एका रात्री, बाहेर साधू झोपलेले असताना, ते दार ढकलून निघाले आणि दोर सोडून खिडकीतून उतरले. दोर थोडा आखूडच पडला. खाली ताखो नदीचा कडा. अंधारात चुकून शेजारच्या मठाच्या आवारात पडले. तिथून कसेबसे भिंत चढून रस्त्यावर आले.

सकाळी ते टोलेडोतल्या तेरेसांच्या नन्सच्या मठाच्या दाराशी पोचले. अंगात त्राण नाही, कपड्यांच्या चिंध्या. नन्सच्या मठात पुरुषाला प्रवेश नसतो. पण आत एक नन आजारी होती आणि तिला धर्मगुरूंची गरज होती. त्या निमित्तानं त्यांना आत घेतलं. शोधायला आलेली माणसं हात हलवत परत गेली. नऊ महिने कोरड्या पावावर काढलेल्या पोटाला एकदम काय सोसणार? त्या बायकांनी नासपतीच्या फोडी दालचिनी घालून मऊ शिजवल्या आणि त्यांना भरवल्या. नंतर हुआननी त्यांना कोठडीतल्या कविता म्हणून दाखवल्या. त्या कवितांचे पहिले श्रोते म्हणजे या स्वयंपाक करणाऱ्या, शुश्रूषा करणाऱ्या बायका.

काळी रात्र म्हणजे काय?

सुटकेनंतरची दहा वर्षं हुआन दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांतात होते. तिथं बेआस गावच्या नन्सना मार्गदर्शन करायला ते डोंगरातून चालत जात. तिथल्या प्रमुख आना दे हेसूस यांना सुरुवातीला हा पोरसवदा साधू काही मोठा वाटला नव्हता. तेरेसांनी त्यांना पत्रातून चांगलं खडसावलं, की साऱ्या कास्तील प्रांतात मला याच्यासारखा दुसरा सापडला नाही. पुढं याच आनाबाईंच्या विनंतीवरून हुआननी ‘आध्यात्मिक गीता’वर सविस्तर टीका लिहिली. आणखी एक ग्रंथ त्यांनी आना दे पेन्यालोसा नावाच्या एका विधवा गृहिणीसाठी लिहिला. नन्सना ते छोट्या छोट्या चिठ्ठ्यांवर एकेक वचन लिहून देत. कार्मेल डोंगराचं चित्र काढून त्याच्या प्रती वाटत. प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवायला सोप्या.

त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ म्हणजे ‘काळी रात्र’. नाव ऐकून वाटतं, काहीतरी उदास असेल. पण सुरुवातीचा काळ्या बोळाचा दाखला याच ग्रंथातला. आणखी एक दाखला तर आपल्या चुलीतलाच आहे. ओलं लाकूड विस्तवात घातलं की काय होतं? आधी ते सूं-सूं करतं, पाणी सोडतं, धूर करतं, काळं पडतं, वास मारतं. कोणाला वाटेल, विस्तवानं त्याची खराबी केली. पण हाच विस्तव त्याला आतून वाळवत असतो, आणि शेवटी लाकूड स्वतःच लालबुंद निखारा होऊन जातं. देवाचं प्रेम जिवात शिरतं तेव्हा पहिल्यांदा आपला धूरच बाहेर येतो, असं हुआन सांगतात. आपला राग, आपला हेवा, आपला मोठेपणा आपल्याच डोळ्यांत झोंबू लागतो.

आणि पाखराचा तो दाखला! पाखराच्या पायाला जाड दोरखंड बांधला काय किंवा बारीक दोरा बांधला काय, तुटेपर्यंत त्याला उडता येत नाहीच. मोठमोठी पापं आपण करत नाही हो. पण एखादी वस्तू, एखादा मान, ‘माझ्यावाचून घराचं पान हलत नाही’ ही समजूत, हे बारीक दोरेच की!

आता तुम्ही विचाराल, मन कोरडं पडलं की ती काळी रात्रच समजायची का? हुआन इथं फार सावध आहेत. त्यांनी तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिली, देवाधर्मात गोडी वाटत नाही, पण दुसऱ्या कशातही मन रमत नाही. दुसरी, आपलं काहीतरी चुकतंय, आपण देवाला अंतरतोय, ही रुखरुख सतत लागून राहते. आळशी माणसाला ती रुखरुख नसते. तिसरी, पूर्वीसारखं चिंतन करायला गेलं तर ते जमतच नाही. शिवाय असं वाटणं शरीराच्या किंवा मनाच्या आजारामुळंही असू शकतं, हेही ते सोळाव्या शतकात सांगून गेले आहेत. म्हणून एखादीला झोप लागत नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर तिला संतांच्या गोष्टी सांगत बसू नका. आधी डॉक्टरांकडे न्या. दुखण्याला औषध घेणं ही काही श्रद्धेची कमतरता नव्हे.

पण दुखणं नसून नुसता कोरडेपणा असेल, तर हुआनचा उपाय साधा आहे. धडपडून जुनी गोडी परत आणू नका. नेम सोडू नका आणि स्वतःला बोलही लावत बसू नका. शांतपणे, प्रेमानं नुसतं देवासमोर बसा. बाळानं आईच्या हाताला धरून पाऊल टाकावं, तसं.

शेवटचा घाव

१५८० साली पोपनं नव्या शाखेला वेगळा प्रांत म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी मेदिनाला साथीच्या तापात कातालीना गेली. तेरेसा १५८२ च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. हुआन काही वर्षं ग्रानादाच्या आणि मग सेगोव्हियाच्या मठाचे प्रमुख होते. मठाच्या बांधकामावर ते इतरांबरोबर स्वतः दगड वाहत.

एवढं सोसून उभी केलेली ही नवी शाखा तरी त्यांना सांभाळेल, असं वाटेल ना? तेही नाही. १५९१ च्या जून महिन्यात माद्रिदला सभा भरली. तेरेसांनी घालून दिलेली घडी मोडून सगळा कारभार आपल्या हाती घ्यायचा, असा वरिष्ठांचा बेत होता. हुआन नन्सच्या बाजूनं उभे राहिले. त्यांना एकही पद दिलं गेलं नाही. त्यांच्याविरुद्ध पुरावे गोळा करायला एक साधू मठामठांतून फिरला आणि भल्याभल्या नन्सना त्यानं आडवेतिडवे प्रश्न विचारले. भीतीपोटी कित्येकींनी जपून ठेवलेली त्यांची पत्रं जाळून टाकली. आज त्यांची जेमतेम तीसेक पत्रं उरली आहेत. त्यांतल्या एका पत्रात, या अन्यायानं कासावीस झालेल्या एका ननला ते समजावतात, की हे माणसांनी केलं असं मनात आणू नकोस. जिथं माया आढळत नाही तिथं आपण आपली घालावी, म्हणजे तिथूनच ती मिळू लागते.

त्यांना ला पेन्युएला नावाच्या एका आडबाजूच्या मठात पाठवलं. तिथून त्यांनी पेन्यालोसाबाईंना पत्र लिहिलं. त्यात तक्रार नाही. सकाळी शेतात हरभरे काढून आलो, अशी खुशाली आहे!

तिथंच पायाला विसर्प झाला आणि ताप येऊ लागला. उपचारासाठी बाएसाला जा, म्हणाले. तिथं ओळखीची, मानणारी माणसं होती. हुआननी मुद्दाम उबेदा निवडलं, कारण तिथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. तिथल्या मठाधिपतींचा त्यांच्यावर जुना राग होता. औषधपाण्याच्या, खाण्यापिण्याच्या खर्चावरून ते सतत कुरकुरत. पायाची जखम चिरली, ती पसरत गेली. गावातल्या बायका त्यांच्या जखमेच्या पट्ट्या नेऊन धुऊन आणत. मठातला प्रकार कळताच प्रांताचे प्रमुख धावत आले आणि मठाधिपतींना खूप बोलले. हे प्रमुख कोण? दुरुएलोला पाच घड्याळं घेऊन आलेले म्हातारे आंतोनियो!

हुआननी मात्र मठाधिपतींना बोलावून, माझ्यामुळं तुम्हांला फार खर्च पडला, क्षमा करा, असं सांगितलं. तो कठोर माणूस डोळ्यांत पाणी आणून खोलीबाहेर पडला. १४ डिसेंबर १५९१ रोजी, मध्यरात्री, एकोणपन्नासाव्या वर्षी हुआननी देह ठेवला. शेवटच्या घटकांत त्यांनी मरणाच्या प्रार्थनांऐवजी बायबलमधलं ‘गीतरत्न’ वाचायला सांगितलं. तेही प्रेमाचंच गाणं आहे.

मागं काय राहिलं?

त्यांचे ग्रंथ १६१८ साली पहिल्यांदा छापले गेले. १७२६ मध्ये त्यांना संतपद मिळालं आणि १९२६ मध्ये पोपनं त्यांना चर्चचे आचार्य म्हणून गौरवलं. त्यांच्या शाखेचे साधू १६२० च्या सुमारास आपल्या गोव्यात आले आणि जुन्या गोव्यात त्यांनी मठ बांधला. १७२० पासून मुंबईच्या कॅथलिकांची जबाबदारीही कार्मेल साधूंकडे आली. आविलात असताना हुआननी काढलेलं क्रुसावरच्या ख्रिस्ताचं एक छोटंसं रेखाचित्र अजून तिथल्या मठात जपून ठेवलेलं आहे. त्यावरूनच साल्वादोर दाली या चित्रकारानं १९५१ साली आपलं प्रसिद्ध चित्र काढलं.

पण मला त्यांची खरी साक्ष आपल्या देशात दिसते. कलकत्त्याच्या मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जग चकित झालं. सदैव हसतमुख दिसणाऱ्या मदरना आत जवळजवळ पन्नास वर्षं देवाची कसलीच चाहूल लागत नव्हती! काहींनी म्हटलं, मग त्यांची श्रद्धा खोटी होती का? हुआनचा ग्रंथ वाचलेल्यांना असा प्रश्न पडला नाही. गोडी गेल्यावरही त्या रोज सकाळी उठत होत्या, रस्त्यावरच्या मरणोन्मुख माणसाचं तोंड धूत होत्या.

मैत्रिणींनो, गोडी असताना प्रेम करणं सोपं असतं. नव्या संसारात सगळ्यांचंच जमतं. पंधरा-वीस वर्षांनी कोणी कौतुक करत नाही, देवघरातही मन लागत नाही, आपलीच माणसं टोचून बोलतात. तेव्हा जे आपण शांतपणे करत राहतो, ते खरं आपलं. याचा अर्थ अन्याय निमूट सोसा, असा मुळीच नाही. हुआननी संधी मिळताच कोठडीचं कुलूप उघडलंच की! फक्त त्या कोठडीतलं विष त्यांनी बरोबर आणलं नाही. आणल्या त्या कविता.